भुयारातली खडूस म्हातारी

मुलांच्या नव्या कार्टून मालिकेत भुयारातल्या बोलक्या रेल्वेगाड्या आहेत आणि त्यातल्या खडूस म्हाताऱ्या गाडीचा आवाज माझा! लेकीला मुद्दामच सांगितलं नव्हतं. रेकॉर्डिंगला दिग्दर्शकाचं एकच पालुपद, "ताई, राग खरा वाटत नाही." शेवटी मी डोळे मिटून लेकीनं पलंगावर टाकलेला ओला टॉवेल आठवला आणि अशी कडाडले, की तो खुर्चीतून उठलाच!

आज पहिला भाग लागला. लेकीला घेऊन मी टीव्हीसमोर बसले. पडद्यावर म्हातारी धाकट्या गाडीवर खेकसली, "दारं सताड उघडी टाकून कुठे निघालीस गं?"

लेक ताडकन उठली. "उचलते गं आई टॉवेल!" असं टीव्हीला सांगून ती आत पळाली.

मी शेजारीच तोंड मिटून बसले होते.