गच्चीवरचा हत्ती

सुताराने तालीमखोलीच्या भिंतीवर पेन्सिलीने फुली मारली, तेव्हा गुणाजी त्याच भिंतीला टेकून पेटीचा भाता पुसत होता.

"बाबा, जरा सरका. इथे काउंटर येणार."

"कसला काउंटर?"

"फ्लॅट बुकिंगचा. तुमच्या चाळीनेच दिली ना खोली, ठराव करून?"

गुणाजीने पेटी बंद केली. लालबागच्या मुणगेकर चाळीतली तळमजल्याची ही खोली गिरण्यांच्या काळापासून नाटकाच्या तालमीची. भोंगा गेला, गिरणी गेली, गिरणीच्या जागी काचेचा टॉवर आला. खोली मात्र होती तिथेच राहिली, कारण तिची किल्ली गुणाजीच्या करगोट्याला होती. तिथपर्यंत अजून कोणत्याही बिल्डरचा हात पोचला नव्हता.

एवढ्यात समोरच्या खोलीतला मनू फोन नाचवत आत आला.

"काका, खोली सर्वानुमते दिली म्हणे! सर्वांत मीपण आलो ना? मग मला कुणी विचारलं? ॲपवर लिहिलंय, सगळ्यांची मतं तुमच्या फोनवरून पडली."

गुणाजी उघड्या तोंडाने त्याच्याकडे बघत राहिला.

ॲप केलं होतं त्याच्या पुतण्याने, वैभवने. चाळीचे ठराव फोनवर यावेत, बसल्या जागी संमत किंवा असंमत दाबता यावं, भांडायला जिन्यावर जमावं लागू नये, असा उदात्त हेतू होता.

"ॲप एकच, पण दोन जागी चालतं," वैभवने काकाच्या खाटेवर मांडी घालून समजावलं होतं. "एक चाचणीचं, एक खरं. खऱ्यात ज्याचा निरोप त्याच्या फोनवर. चाचणीत सगळ्यांचे निरोप तुझ्या एकट्याच्या फोनवर. तू आपला सगळ्यांच्या नावाने 'संमत' दाबत जा. मध्ये फक्त एक सेटिंग बदलतं."

"म्हणजे तालमीतला बदली नट."

"करेक्ट, काका!"

हे काम गुणाजीच्या हातचं होतं. उभ्या आयुष्यात तालमीला न आलेल्यांची वाक्यं त्यानेच म्हटली होती. राजा रात्रपाळीला गेला की गुणाजी राजा. राणीला डोहाळे लागले की गुणाजी राणी.

चाचणीचे ठरावही, वर 'चाचणी' लिहून, वैभव एकेक नामी पाठवी. गच्चीवर हत्ती पाळावा. पाण्याच्या टाकीत पापलेट सोडावेत. सेक्रेटरींना मिशा सक्तीच्या कराव्यात. गुणाजी ते बायकोला मोठ्याने वाचून दाखवी आणि प्रत्येक बिऱ्हाडाच्या नावाने संमत दाबी.

"हत्तीक चारो कोण घालतलो?" शांता विचारी.

असाच एक दिवस ठराव आला: तालीमखोली टॉवरच्या विक्री कार्यालयासाठी द्यावी. शांता हसली नाही. गुणाजी मात्र डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला आणि एकही दार न चुकवता अख्ख्या चाळीची संमती देऊन मोकळा झाला.

संध्याकाळी वैभव आला. इस्त्रीचा शर्ट, चेहऱ्यावर दुखवट्याला येणाऱ्याचा भाव.

"काका, सॉरी. खऱ्या ॲपला चुकून चाचणीचं सेटिंग लागलं. होतं रे असं. मोठमोठ्या कंपन्यांतही होतं."

"मग ठराव मोडून टाक."

"आता कसा मोडणार? त्यावर करार झाला."

मनू दारातच उभा होता. "आदल्या दिवशी रंगकामाचा ठराव माझ्या फोनवर बरोबर आला. दुसऱ्या दिवशी टाकीचा आला. मधला तेवढाच रस्ता चुकला काय?"

"ते टेक्निकल आहे, मनू. तुला नाही कळायचं."

याच खोलीत पहिल्यांदा राजपुत्र झालेला वैभव वाक्य विसरून रडकुंडीला आला होता, तेव्हा पडद्याआडून त्याला एकेक शब्द गुणाजीनेच पुरवला होता. आता पोरगं न अडखळता बोलत होतं.

"काका, तेवढी किल्ली..."

गुणाजी भिंतीकडे तोंड करून करगोट्याची गाठ सोडू लागला. गाठ जुनी होती, नखांना दाद देईना. वैभवने मदतीला हात पुढे केला; गुणाजीने तो कोपराने बाजूला सारला. अखेर किल्ली सुटली. वैभवने खिशातून पितळी रिंग काढली आणि किल्ली तिच्यात ओवली. रिंगवर टॉवरचं नाव कोरलेलं होतं.

"छान आहे रे रिंग. कधी दिली त्यांनी?"

"पाडव्याला," वैभव बोलून गेला.

ठराव हनुमान जयंतीनंतरचा होता.

मनूने गुणाजीकडे पाहिलं. गुणाजी करगोटा नीट बांधत होता.

"आणि हत्तीचं काय?"

"कुठला हत्ती?"

"गच्चीवरचा. तोही मीच मंजूर केलाय. सर्वानुमते."

वैभव सुटल्यासारखा हसला, काकाच्या पाया पडला आणि गेला.

जेवणं चालू असताना फोन वाजला. पुन्हा वाजला. वाजतच राहिला.

"काय ता?" शांताने विचारलं.

गुणाजीने हात धुतले, चष्मा मागून घेतला आणि आजवर कधी नव्हे तो ठराव शेवटच्या शब्दापर्यंत वाचला. तालीमखोलीच्या प्रदीर्घ सेवेबद्दल श्री. गुणाजी यांचा जाहीर सत्कार करावा. एकेका बिऱ्हाडाच्या नावाने एकेक निरोप. वर 'चाचणी' लिहिलेलं आहे का, हे त्याने दोनदा पाहिलं. नव्हतं.

शांता ताटावरून त्याच्याकडे बघत होती. त्याचा अंगठा काचेवर नुसताच टेकून राहिला होता.

मग तो उठला. चपला घातल्या आणि समोरच्या दाराची कडी वाजवली.

"मनू, तुझ्या नावाचा आलाय बघ," तो म्हणाला. "काय दाबू?"