फ्रीजमधली तुती

“दुधाला उभं राहायला जागा नाही, आणि लाकूड मात्र मेलं पाय पसरून झोपलंय.”

सासूबाईंचं डोकं फ्रीजमध्ये होतं आणि हे त्या कोबीला सांगत होत्या. पाण्याची बाटली घ्यायला आलेली सून पाठीमागे तिथेच थबकली. खालच्या कप्प्यातलं ओलं गोणपाट सासूबाईंनी एका बोटानं उचललं, आत डोकावलं, पुन्हा नीट झाकलं आणि वर कोबी ठेवला.

“आई, ओलं लाकूड बाहेर राहिलं की तडकतं. कातायला लेथ मशीनवर चढेपर्यंत गार हवं.”

“मग मलाही ठेव आत. मीही तडकायला आलेय.” त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं. “कुठलं आणलंस?”

“रस्त्याकडेला पडलं होतं. वादळात.”

“हं,” म्हणत सासूबाईंनी दार लावलं. महिनाभरात साधी झुळूक आली नव्हती.

ओंडका जुन्या घराच्या अंगणातल्या तुतीचा होता. दोन वर्षांपूर्वी ते घर एका दाताच्या डॉक्टरनं घेतलं, खाली दवाखाना थाटला आणि वर राहायला गेला. किल्ल्या देताना नवऱ्यानं त्याचा हात धरून शब्द घेतला होता, की काय वाटेल ते बदला, पण बाबांनी लावलेलं हे झाड तेवढं पाडू नका. आणि मागच्या आठवड्यात डॉक्टरचा फोन आला, तोही नवऱ्याला नाही, सुनेला. मुळांनी दवाखान्याची फरशी उचललीय, झाड पाडतोय, वाडग्यांसाठी हवं असेल तर वखारवाला यायच्या आत घेऊन जा. आपण लाकडाचे वाडगे काततो हे याला कुणी सांगितलं, असा प्रश्न तिला पडायला हवा होता. पण ताजं, जड आणि फुकट लाकूड म्हटलं की तिची निम्मी अक्कल रजेवर जायची. ती गाडी घेऊन धावली. आणलेले ओंडके तिनं परसात ताडपत्रीखाली दडवले. बेचक्यातला, सगळ्यांत देखण्या रेषांचा तेवढा फ्रीजमध्ये गेला.

नवरा ते ऐकून ताटावरून उठला होता.

“आईला कळता कामा नये,” तो म्हणाला. “बाबांचं झाड होतं ते. तिला सहन नाही होणार.”

तेव्हापासून घरात नुसती कुजबुज. पन्नाशी उलटलेला माणूस आईसमोर ‘झाड’ हा शब्द टाळायचा. कुंडीला पाणी घातलं का, हे विचारतानासुद्धा अडखळायचा. रविवारी जाऊन डॉक्टरची खरडपट्टी काढायची, हे त्यानं ठरवून टाकलं होतं. “शब्द म्हणजे काय चूळ आहे, भरली आणि थुंकली? पण त्याला काय म्हणा, उपटायचीच सवय!”

सासूबाई मात्र मजेत होत्या. पंधरवड्यापूर्वी त्याच डॉक्टरकडे त्या एकट्याच कवळी घट्ट करून घ्यायला गेल्या होत्या. कवळी अजून सैल होती, पण बाई खुशीत परत आल्या होत्या.

रविवारी सकाळी सुनेनं ओंडका परसातल्या पत्र्याच्या शेडमध्ये नेला. कातकाम तिला कुणी शिकवलं नव्हतं. व्हिडिओ बघत आणि पटाश्या मोडत ती शिकली होती. तिचा पहिला वाडगा लेथवरून सुटून खिडकीबाहेर गेला होता, आणि शेजारच्या मांजरानं त्या दिवसापासून परसाची भिंत सोडली होती. आता ती सावध असायची. ओंडका लेथच्या फिरत्या तबकडीला स्क्रूंनी आवळला, एकदा हातानं फिरवून पाहिला, मग बटण दाबलं.

आधी नुसती धडधड. मग कोपरे झडले, आवाज घोटीव झाला आणि गोल पटाशीच्या धारेखालून लाकडाच्या लांबच लांब फिती उडायला लागल्या, ओल्या आणि लिंबासारख्या पिवळ्याजर्द. झाडाच्या पोटातलं पाणी तिच्या चष्म्यावर उडत होतं. खरं तर तिला अपराधी वाटायला हवं होतं. ती गुणगुणत होती.

आतली बाजू पोखरताना पिवळ्यात एकदम निळसर काळा डाग दिसला, शाई सांडावी तसा. तिनं झटक्यात बटण बंद केलं. ओल्या लाकडात असा डाग म्हणजे आत लोखंड. कडेनं कोरून, पकडीनं ओढून तिनं ते बाहेर काढलं. बोटभर लांबीचा, गंजलेला, वाकडा खिळा.

“अगं, चहा.”

सासूबाई दारात दोन कप घेऊन उभ्या होत्या. सुनेनं घाईघाईनं अंगातला एप्रन काढून वाडग्यावर टाकला. उपयोग नव्हता. केसांत, कानात, भुवयांवर सगळीकडे पिवळंच पिवळं होतं.

“राहू दे,” सासूबाई म्हणाल्या. “तुती आतून पिवळी असते, हे मला सांगायला हवंय होय? फांद्या छाटून छाटून हात झिजले माझे.” कप ठेवून त्यांनी खिळा तळहातावर घेतला, फुंकर मारली. “माझाच हा. धुण्याच्या दोरीचा. ह्यांना म्हटलं, जरा सरळ धरा. तर म्हणे, हळू ठोक, झाडाला लागेल!” त्यांनी अंगठा पुढे केला. नख अजून एका बाजूला दुमडलेलं होतं. “मला लागलं त्याचं काही नाही.”

“आई, तुम्हाला कधीपासून…”

“वाया गेला का गं वाडगा?”

“नाही. डाग तेवढा राहील. आता जाडच ठेवायचा. मग वाळत पडेल, वाळताना वाकडा होईल, की परत चढवून कातायचा. हातात यायला पुढचं वर्ष उजाडेल.”

“पुढचं वर्ष!” सासूबाईंनी चहाचा घोट घेतला, थोडा विचार केला. “बरं. थांबते.”

दोघी हसत असतानाच नवरा दारात आला. इस्त्रीचा शर्ट, ओले विंचरलेले केस. भांडायला जातानाही तो असाच नीटनेटका जायचा. त्यानं आईकडे पाहिलं, बायकोच्या पिवळ्या भुवयांकडे पाहिलं, आणि जमिनीवरच्या ढिगाकडे बघायचं मात्र कटाक्षानं टाळलं.

“मी जरा जाऊन येतो.”

“कुठे?”

“दाढ दुखतेय. दाखवून येतो.”

“कुठली?”

त्याचा हात डाव्या गालावर गेला, मग उजव्या. सुनेनं तोंड कपात घातलं.

“रविवारी दवाखाना बंद असतो,” सासूबाई म्हणाल्या. “आणि त्या गरीब माणसाला एक शब्द बोलायचा नाही. फरशी उखडली तरी तुला दिलेला शब्द धरून बसला होता बिचारा. माझ्या तोंडात हात घालून तेच रडगाणं. मला हो-नाही म्हणायची सोय नाही.”

“आई, तू कशाबद्दल बोलतेयस?”

त्यांनी खिळा लेथच्या कडेवर अलगद ठेवला. मुलाच्या इस्त्रीच्या शर्टावर एक पिवळी फीत येऊन चिकटली होती, ती काढली.

“हात बाहेर काढल्यावर मीच त्याला म्हटलं, पाड. आणि लाकूड माझ्या सुनेला दे, ती ओंडक्यांसाठी गावभर फिरते. तुला सांगणार होते रे. पण म्हटलं, तुला सहन नाही होणार.”

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. तिनं चहाकडे.

“पण आई, बाबांनी लावलेलं झाड…”

“लावलं त्यांनी. जांभळी फळं पडायची ती मी धुतलेल्या चादरींवर.” सासूबाईंनी ती फीत बोटाला गुंडाळली, सोडली, आणि बऱ्याच दिवसांचं ओझं उतरवावं तशा एका दमात म्हणाल्या, “मला ते झाड कधीच आवडलं नाही.”