उलटा दिसलेला सॅल्यूट

मित्रांनो, रामाकोन्यात करुणाच्या घरी खुंटीला टांगलेला मला पाहिलंत, तर तुम्ही मला गाईचं दावं समजाल. खुशाल समजा. मी दोर आहे, अंबाडीचा, तीन पदरी, तीन मीटर लांब, आणि आता बराच जुना. फक्त माझी टोकं तेवढी पाहा. दोन्ही टोकांना सूत घट्ट गुंडाळलेलं आहे. दाव्याची टोकं कुणी अशी बांधत नाही. त्यावरून ओळखा की हा शाळेत गेलेला दोर आहे.

मला भिवाजी म्हाताऱ्याने वळलं. शेताच्या धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, अंबाडी कापून त्याने जुड्या नाल्याच्या डोहात दगडांखाली भिजत घातल्या होत्या. त्या बाहेर काढल्या तेव्हा असा वास सुटला की घरच्या माणसांनी दोन दिवस म्हाताऱ्याला अंगणातच जेवायला वाढलं. सोलून, धुऊन, वाळवून त्याने मला मांडीवर पीळ दिला तो एका कालवडीसाठी. पण त्याच आठवड्यात त्याची नात वैशाली सौंसरच्या शाळेत सहावीला गेली, तिने स्काउट-गाईडमध्ये नाव दिलं आणि घरी येऊन दोर मागितला. वर्गातल्या पोरींनी बाजारातून निळे नायलॉनचे दोर आणले होते. तिलाही तसाच हवा होता. म्हाताऱ्याने मला तिच्या हातात दिलं आणि म्हणाला, "नायलॉन घसरते, बाई. माहा दोर घसरत नाही." कालवड बिचारी तशीच मोकळी राहिली.

शाळेत उर्वशी मॅडम विज्ञान शिकवायच्या आणि शनिवारी गाईडची कंपनी, म्हणजे पोरींचं पथक, चालवायच्या. डॉक्टरी गाठ, खुंटा फास, ध्रुव गाठ, अशी गाठींची नावं मी तिथेच शिकलो. गाव सीमेपलीकडच्या हिंदी राज्यातलं, म्हणून पुस्तक हिंदी, मॅडमचं बोलणं मराठी, आणि पोरींची बोटं आपल्याच भाषेत चालायची. वैशालीची बोटं मात्र ऐकायची. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर, आणि मी असा बसायचो की दोन बाजूंनी चार पोरींनी ओढलं तरी हलायचो नाही. जामसावळीला हनुमान जयंतीची गर्दी व्हायची तेव्हा बायकांची रांग लावायला आम्हा सगळ्या दोरांना जोडून एकच लांब दोर करत. निळ्या मंडळींच्या गाठी दुपारपर्यंत सुटत. माझी सुटल्याचं मला तरी आठवत नाही.

आणि तिचा सॅल्यूट! उजवा हात, तीन बोटं सरळ, अंगठा करंगळीवर. नव्या पोरी आल्या की मॅडम तिला पुढे उभी करत आणि सांगत, असा करायचा. मला तिच्या कमरेवर लटकून हे सगळं ऐकायला फार आवडायचं.

अकरावीत असताना राज्य पुरस्काराच्या शिबिरासाठी तिची निवड झाली. रामाकोन्याच्या एकाही पोरीला तो बिल्ला आजवर मिळाला नव्हता. वैशालीला पोलिसात जायचं होतं. तिचे वडील दादाराव दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत राबायचे. त्यांना हे पट्टे, शिट्ट्या, दोर म्हणजे पोरखेळ वाटे. पण निवड झाल्यावर ते एवढंच बोलले, "ते सर्टिफिकेट आण. मंग तुले छिंदवाड्याले भरतीच्या तयारीले धाडतो." दादाराव बोलला शब्द मागे घेणारा माणूस नव्हता, त्यामुळे सगळं त्या एका कागदावर येऊन थांबलं.

शिबिर २०२० च्या मार्चच्या शेवटी होतं. वैशालीने आठ दिवस आधीच थैली भरली. मला धुऊन, वाळवून सगळ्यांत वर ठेवलं. मग एका संध्याकाळी सगळं बंद झालं. गाड्या बंद, शाळा बंद, शिबिर बंद. थैली तशीच भरून ठेवली होती, आज ना उद्या निघायचं म्हणून. एप्रिलमध्ये तिच्या आईने त्यातलं ताट काढून घेतलं, घरात कमी पडत होतं. मग चादर गेली, मग साबण गेला. शेवटी तळाशी मी एकटा उरलो.

उर्वशी मॅडम मात्र थांबणाऱ्यातल्या नव्हत्या. त्यांनी पोरींना घरी बसून मास्क शिवायला लावले. दर शनिवारी सकाळी आठला फोनवर प्रार्थना ठेवली. वैशाली त्यासाठी गावामागच्या टेकाडावर चढायची, कारण घरात सिग्नल नव्हता. ती प्रार्थना म्हणजे एक गंमतच होती. इकडे मॅडमची दुसरी ओळ संपायची, तेव्हा पांढुर्ण्याला मामाकडे अडकलेली एक पोट्टी पहिलीच ओळ म्हणत असायची, आणि सगळ्यांचं झाल्यावर कुणाचा तरी एकटा आवाज हवेत राहायचा. एकदा मॅडमनी घरच्या अंगणातच तंबू ठोकायला सांगितलं. आम्ही तुराट्या आणि आईचं जुनं लुगडं घेऊन असा तंबू उभारला की शेजारची कोंबडी त्यात अंडं घालून गेली. पण फोन बापाबरोबर वावरात जायचे, नाहीतर त्यातला डेटा संपायचा. चोवीस पोरींच्या त्या प्रार्थनेत दिवाळीपर्यंत पाचच आवाज उरले.

त्याच वर्षी मे महिन्यात मी एक काम केलं. त्याचं मला अजून वाईट वाटतं. बाहेरचं कुणी गावात येऊ नये म्हणून गावच्या रस्त्यावर बांबू आडवे बांधायचे ठरलं. दोर कमी पडला, म्हणून मला नेलं. गाठ वैशालीच्याच हातची पाहिजे, तिची सुटत नाही, असं चार मोठी माणसं म्हणाली. ती खूश झाली. मीही झालो, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी भर उन्हात नागपूरकडून पायी आलेलं एक कुटुंब माझ्यापाशी थांबलं. बाईच्या कडेवर पोर होतं. तिने माझ्यावर हात ठेवून पाणी मागितलं. पलीकडून कुणीतरी वावरातून फेर घ्यायला सांगितलं. वैशालीने कळशी रस्त्यात ठेवली आणि दूर जाऊन उभी राहिली. ती माणसं पाणी पिऊन ढेकळांतून निघून गेली. सेवेसाठी म्हणून शिकवलेला दोर मी. मला सैल होता आलं असतं तर झालो असतो. पण गाठ वैशालीची होती.

शिबिर मग नोव्हेंबरात ठरलं आणि रद्द झालं. एप्रिलमध्ये ठरलं आणि पुन्हा रद्द झालं. त्या एप्रिलमध्ये तर गावात रोज कुणाच्या ना कुणाच्या खोकल्याची बातमी असे. वैशाली बारावीला होती. ऑगस्टमध्ये तिला अठरा वर्षं पूर्ण होणार होती आणि त्यानंतर नियमात ती बसणार नव्हती. अशात शिबिराच्या ग्रुपवर सूचना आली की यंदा परीक्षा व्हिडिओवर होईल. गणवेशात सॅल्यूट, वचन आणि पाच गाठी, एकाच व्हिडिओत करून पाठवायच्या.

दादारावांचा फोन एकदा बागेत पडून मागचा कॅमेरा फुटलेला होता. म्हणून तिने समोरच्या कॅमेऱ्याने व्हिडिओ काढायचं ठरवलं. फोन रांजणाला टेकवला. गणवेश आखूड झाला होता, तो उसवून खाली सोडला. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही दोघं खपलो. मित्रांनो, मी इतक्या वर्षांत तितका नेटका कधीच बसलो नव्हतो. पाचही गाठी पक्क्या बसल्या. संध्याकाळी टेकाडावर जाऊन तिने व्हिडिओ पाठवला आणि तो पूर्ण जाईपर्यंत फोन डोक्यावर धरून उभी राहिली.

पंधरा दिवसांनी यादी आली. वैशालीच्या नावापुढे लिहिलं होतं: अमान्य. सॅल्यूट डाव्या हाताने. गाठींची दिशा उलट.

ती आधी हसली. दुसऱ्या कुणाचा शेरा चुकून आपल्या नावापुढे पडला असेल असं तिला वाटलं. मग तिने आपला व्हिडिओ उघडला. त्यात ती खरंच डावा हात कपाळाला लावून उभी होती. तिने आपला उजवा हात वर केला, त्याच्याकडे पाहिलं, पुन्हा फोनकडे पाहिलं. असं दोन-तीनदा झाल्यावर तिच्या ध्यानात आलं. आरशात दिसतं तसं त्या फोनने समोरचं चित्र उलटं साठवलं होतं. नीट पाहिलं असतं तर तिच्या शर्टाचा खिसाही भलत्याच बाजूला दिसला असता. पण पाहणाऱ्याचाही काय दोष काढू? त्याच्यापुढे तशा शेकडो पोरी असतील. आणि गाठ खरी की खोटी हे दोन्ही टोकं हातात धरून ओढल्याशिवाय कळत नाही. फोनमधून मला कुणी ओढणार कसं?

तिने ग्रुपवर लिहायला घेतलं, तर लिहायची जागाच नव्हती. तिथे एक ओळ होती, की फक्त अ‍ॅडमिन संदेश पाठवू शकतात. मग तिने उर्वशी मॅडमना फोन लावला. त्यांच्या एका शब्दाने काम झालं असतं. फोन त्यांच्या नवऱ्याने, गजेंद्र सरांनी उचलला. मॅडम नागपूरला दवाखान्यात होत्या, ऑक्सिजनवर. सरांचा आवाज खोल गेलेला होता. त्यांनी काय काम होतं ते विचारलं. मी वैशालीच्या हातात होतो आणि तिने मला इतकं आवळून धरलं होतं की माझे पदर करकरले.

"काही नाही सर," ती म्हणाली. "मॅडमले सांगा, वैशालीचा फोन होता."

मला त्या वेळी ओरडावंसं वाटलं. पण तुम्हीच सांगा, दुसरं काय बोलली असती ती?

पुढच्या महिन्यात आणखी एक बातमी आली. बारावीची परीक्षा होणार नव्हती, सगळे पास. दादारावांनी गल्लीत पेढे वाटले. ज्या वर्षी सगळा वर्ग परीक्षा न देता पास झाला, त्या वर्षी माझी वैशाली, जिच्यातलं तिला सगळ्यांत चांगलं येत होतं, त्याच एका परीक्षेत नापास झाली होती. पेढे संपल्यावर दादारावांनी विचारलं, त्या दुसऱ्याचं काय झालं. "झालं नाही बाबा," ती म्हणाली. व्हिडिओ उलटा दिसतो, हे तिने त्यांना समजावून पाहिलं. त्यांनी ऐकून घेतलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते उठून बैलाला पाणी पाजायला गेले आणि छिंदवाड्याचा विषय त्या घरात पुन्हा निघाला नाही.

मॅडम ऑगस्टच्या शेवटी घरी आल्या. चार पायऱ्या चढून दम लागे, तरी त्यांनी अर्ज लिहिले, दोनदा स्वतः जाऊन आल्या. यादी पुढे गेली आहे, मुलगी आता शाळेत नाही, वयही उलटलं, असं उत्तर मिळालं. पुढच्या शिबिरात पाहू, असंही कुणी म्हणालं नाही. मग त्या रामाकोन्याला आल्या आणि अंगणात खाटेवर बसल्या. "मी असती तं एका मिनिटात सांगितलं असतं," एवढंच त्यांना म्हणता आलं. वैशालीने त्यांच्यासाठी चहा ठेवला. दिवाळीनंतर ती सूत कंपनीत पाळीवर जाऊ लागली.

माझं म्हणाल तर मी काही दिवस मास्क वाळत घालायच्या कामी आलो, मग काही दिवस कशाच्याच नाही. पुढच्या वर्षी शेजारची करुणा नववीत गेली आणि गाईडमध्ये आली. सुटीच्या दिवशी वैशाली तिला शिकवू लागली. एक गोष्ट मी पाहिली. ती करुणाच्या समोर कधी बसली नाही. शेजारी बसली, म्हणजे उजवं ते उजवंच राहतं. आणि तिने मला करुणाच्या पट्ट्याला कायमचं बांधून दिलं.

पुढे शिबिरं सुरू झाली आणि मी एकदाचा गेलो. खरे तंबू पाहिले, खरी शेकोटी पाहिली. परीक्षक सरांनी करुणाची डॉक्टरी गाठ दोन्ही हातांनी ओढून पाहिली. मी जीव खाऊन बसलो होतो. त्यांनी मान हलवली आणि कुणी शिकवलं म्हणून विचारलं. वैशालीताईने, असं तिने सांगितलं. मग सरांनी विचारलं, ताईला राज्य पुरस्कार केव्हा मिळाला?

"नाही भेटला जी," करुणा म्हणाली. "तिले नापास केलं."

सरांनी मला खाली सोडलं. मग त्यांनी वहीत करुणाच्या नावापुढे बरोबरची खूण केली आणि पुढच्या पोरीकडे गेले. मी तिथेच होतो, त्यांच्या हातातून नुकताच सुटलेला. सगळं मला ठाऊक होतं आणि सांगायला तोंड नव्हतं.

मित्रांनो, माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही. ओलावा लागू दिला नाही तर मी आणखी दहा वर्षं काढीन, आणि नाही काढली तर अंबाडी दरवर्षी उगवते. तुम्ही फक्त एक करा. सकाळी सहाच्या सुमारास रामाकोन्याच्या बसथांब्यावर डबा घेऊन उभी असलेली एक ताई तुम्हाला दिसेल. तुमच्या अंगावर गणवेश असेल तर तिला सॅल्यूट करा. तिने लगेच केला नाही म्हणून निघून जाऊ नका. ती आधी आपल्या हाताकडे पाहते, उजवाच आहे ना म्हणून, आणि मग सॅल्यूट करते. तेवढा वेळ थांबा.