शून्याची जागा

तिने आलेखावरचं शून्य पुन्हा एकदा हलवलं आणि रेषा काढली. वेग याही वेळी निम्म्यावर आला. चहा केव्हाच गार झाला होता. तो तिने तसाच घशाखाली ढकलला.

दूरच्या दीर्घिकांमध्ये तारे जन्मतात तेव्हा वायू बाहेर फेकला जातो. तो इतक्या वेगाने सुटतो की परत येत नाही, असं तिने दाखवलं होतं. त्याच जोरावर आज दुपारी ती कायमच्या जागेसाठी निवड समितीपुढे उभी राहणार होती. पण वायूचा वेग मोजायचा तर आधी दीर्घिकेचा स्वतःचा वेग नेमका हवा; तेच शून्य. अंधूक दीर्घिकांसाठी तिने ते हायड्रोजनच्या वर्णपटातल्या सगळ्यांत ठळक रेषेवरून घेतलं होतं. ती रेषा वायूतून ठेचकाळत बाहेर पडते आणि मूळ जागेवरून सरकते, म्हणजे शून्यही चुकतं. विद्यार्थ्यांना हे ती स्वतःच बजावायची. तिला स्वतःचा राग आला, पण तो धरून ठेवण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं.

शेजारच्या टेबलावरचा दाढीवाला सहकारी खुर्ची सरकवून जवळ आला.

"ही चूक उद्या सापडली असं समज," तो हळूच म्हणाला. "नवरा नोकरी सोडतोय ना तिकडची?"

"माझं नेमणुकीचं पत्र आलं की सोडणार."

"मग कशाला पायावर धोंडा मारून घेतेस?"

नवरा आणि लेक दुसऱ्या शहरात होते. इकडे यायचं म्हणून लेकीने खेळण्यांचं खोकं कधीच भरलं होतं. रोज त्यातूनच काढून खेळायची आणि परत भरायची. तिने नवा आलेख सादरीकरणात टाकला, काढला, पुन्हा टाकला.

समितीच्या खोलीत अध्यक्षांनी चष्मा उतरवला.

"म्हणजे अर्जात तुम्ही लिहिलंय ते?"

"चुकलंय. आज सकाळी लक्षात आलं."

"वायू बाहेर जातच नाही?"

"जातो. पण फार लांब नाही. पुन्हा आत पडतो, आणि त्यातूनच पुढचे तारे होतात."

कुणीतरी पेनाला टोपण लावलं. आणखी प्रश्न आले नाहीत. सगळ्यांनी फार सौजन्याने तिचे आभार मानले, तेव्हाच तिला काय ते कळलं.

बाहेर जिन्यात तिने घरी फोन लावला. उचलला लेकीनेच.

"आई, खोक्याला चिकटपट्टी लावू?"

"अगं, तिला बोलू तरी दे," मागून नवऱ्याचा आवाज आला.

ती पायरीवर बसली. चपला काढून तिने पाय गार फरशीवर टेकवले. खूप वाईट वाटत होतं, आणि कितीतरी दिवसांनी झोपही येत होती.

"नको लावूस," ती म्हणाली. "मीच येतेय तिकडे."

"सुट्टीला?"

"नाही. राहायला."