तेवीस नंबरचा पट्टा

तुम्ही सांगितलं नव्हतंत, साहेब. काडेपेटीएवढी ती डबी पट्ट्यात शिवून माकडिणीच्या गळ्यात घातलीत, ती हलली की आतला आकडा चढतो एवढंच सांगितलंत — आकड्यावर काय ठरणार, ते नाही.

मनात हे म्हणणाऱ्या नामाच्या तळहातावर ती डबी होती. पट्ट्यात अडकलेले दोन करडे केस... तो माकडं सांभाळायचा त्या वडप्याच्या गोडाऊनमध्ये तेवीस नंबरच्या पिंजऱ्याचं दार सताड उघडं, आत सकाळचे शेंगदाणे तसेच.

वय वाढतं तशी माकडाची हालचाल किती घटते, ते साहेबांना मोजायचं होतं म्हणे. सन सत्त्याऐंशीपासून चार वर्षं मोजलं. या म्हातारीचा आकडा उतरत चालला — आणि उतरता आकडा म्हणजे काय, हे नामाला आधीच्या नोकरीत, कापडाच्या लूमवर कळलं होतं, बावीस वर्षांनी, शिफ्टचं कापड कमी भरायला लागलं तेव्हा. लूमचा मालक मुनीरशेठ हसत म्हणाला होता, "नामाभाऊ, अब हाथ ठंडा पड गया आपका. घर बैठो, पोते खिलाओ." हसतच.

म्हणून दर शनिवारी पट्टा धुवायला काढला की तो डबी हलवायचा, मागावर धोटा पळतो तशी, इकडून तिकडे, हात भरून येईपर्यंत. जेवणाचा डबा घेऊन आलेली बायको, काशी, हसायची. "माकडिनीची ड्युटी तुमीच करता? मंग पगार तिला द्या."

"तिला घरी जाऊन बसाया घर न्हाय, काशे."

आज साहेब कागद नाचवत आले. "चोवीस वर्षांची, आणि तरण्यांच्या बरोबरीनं! कमाल आहे, नामा. हिचा मेंदू उघडून बघायलाच हवा." उघडून हा शब्द नामाच्या कानात शिरला आणि तिथेच अडकला, हात मात्र सवयीनं चालत राहिले. त्यानंच तिला पिंजऱ्यातून काढलं, कडेवर घेतलं, गाडीपर्यंत नेलं. तिनं त्याच्या सदऱ्याचं बटण मुठीत धरलं होतं, ते तुटून तिच्याबरोबर गेलं. ड्रायव्हरनं पट्टा काढून हातात दिला — "ये अब नहीं लगेगा."

मीच पाठवली. या हातानं... खरं सांगितलं तर ती म्हातारी, निकामी, आणि निकामीचं तुम्ही काय करता तेही मला माहीत नाही. गप्प राहिलो तर ती तरणी, आणि तरणीला उघडणार. हात अजून डबी हलवतोय, माझा मलाच थांबवता येत नाही, आत आकडा चढतोय.

गाडी फाटकातच आहे, इंजिन चालू. साहेब, काच खाली करा. किती हललं म्हणजे जगू देता? आकडा सांगा.