मतदारयादीतली उत्तरा

"बाबा, जस्ट कॉल देम. दोन मिनिटांचं काम आहे," वीणा फोनवरून म्हणाली. "दे विल टेक हर ऑफ."

त्र्यंबकराव निजसुरे यांनी रिसीव्हर खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून धरला आणि हातातलं कार्ड पुन्हा एकदा उलटं केलं. काउंटीच्या निवडणूक कार्यालयाचं कार्ड. मतदानाची जागा बदलली आहे: सहा मे, मंगळवार, प्राथमिक शाळेचं जिम, सकाळी साडेसहा ते संध्याकाळी साडेसात. खाली टाइप केलेलं नाव, उत्तरा निजसुरे. कार्ड येऊन तीन आठवडे झाले होते. जिच्या नावानं ते आलं ती फेब्रुवारीतच गेली होती.

"टेक हर ऑफ म्हणजे काय गं?"

"लिस्टमधून काढतील, बाबा. नाहीतर आईच्या नावानं मेल येतच राहणार. इट्स क्रीपी."

"येऊ दे की."

पलीकडे, ओहायोतल्याच अथेन्स गावच्या कॉलेजच्या वसतिगृहातल्या कॉरिडॉरमध्ये कुणीतरी हसत गेलं, तेवढंच ऐकू आलं. वीणा एकोणीस वर्षांची. हुंदका गिळायला ती अलीकडेच शिकली होती.

"तू आज व्होट करायला जाणारच आहेस ना? मग तिथंच सांग. प्रॉमिस?"

"बघतो," ते म्हणाले. बघतो म्हणजे काय, हे त्या मुलीला जन्मापासून ठाऊक होतं.

बाकी सगळीकडून तिला त्यांनी स्वतःच्या हातांनी पुसलं होतं. विमा कंपनी, दंतवैद्य, ड्रायव्हिंग लायसन्स. ती काम करायची त्या इथल्याच डब्लिन गावच्या लायब्ररीतला कर्मचाऱ्यांच्या नावांचा फलक. एकेका खिडकीपाशी उभं राहून त्यांनी मृत्यूच्या दाखल्याची प्रत पुढे सरकवली होती आणि समोरच्याचा चेहरा ठरल्याप्रमाणे मऊ होताना पाहिला होता. या एका यादीपाशी मात्र त्यांचं पाऊल अडलं. ओहायो राज्याच्या लेखी ती अजून होती. तिची वाट पाहिली जात होती.

गंमत अशी, की उरलेलं हे नाव त्यांनी दिलेलं नव्हतं.

साठ सालच्या वैशाखात, साताऱ्यातल्या एका मंगल कार्यालयात, तांदळाच्या ताटात अंगठीनं त्यांनी 'मालिनी' ही अक्षरं कोरली होती. नाव त्यांनीच निवडलेलं. कॉलेजच्या वहीत मागच्या पानावर दोन वर्षं जपून ठेवलेलं. त्याआधीची एकोणीस वर्षं ती उत्तरा होती, हे त्यांना माहीत होतं. पण एखाद्या गावाचं जुनं नाव माहीत असावं, तसं. मालिनी ओहायोत आली, मालिनीनं बर्फात गाडी चालवायला शिकून घेतली, मालिनीनं वीणाला वाढवलं. मग चौऱ्याऐंशीच्या उन्हाळ्यात ती नागरिक झाली. नागरिकत्वाच्या अर्जात एक प्रश्न होता: नाव बदलायचं आहे का? तिनं 'होय'वर खूण केली.

त्या संध्याकाळी घरी दहाबारा माणसं जेवायला होती. हेमचंद्र पाठक हे त्यांचे नागपूरचे मित्र; त्यांना बोलण्यात धरबंध नसे. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन ते गरजले, "वा वहिनी! पंचवीस वर्षांनी नाव परत घेतलं? अरे त्र्यंबक, हा तर घटस्फोटच झाला की यार, नुसता वकील नाही लावला!"

सगळे हसले. ती सर्वांत मोठ्यानं हसली. त्र्यंबकराव हसले नाहीत. पाहुणे गेल्यावर भांडी विसळता विसळता त्यांनी विचारलं, "माझ्या नावाला काय झालं होतं?"

"काही नाही हो. ते घरात आहेच की. मालिनी म्हणा, ओ देते की नाही बघा." तिनं हात पुसले. "पण मत द्यायला माझी मी जाणार आहे. तिथं तरी मी आधीची असू दे."

त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही, आणि 'उत्तरा' हे नावही एकदासुद्धा उच्चारलं नाही. लायब्ररीत फोन केला तर 'मिसेस निजसुरे आहेत का' असं विचारायचे. राग केव्हाच विरला होता, सवय उरली.

ती मात्र मताच्या मागेच लागली. लायब्ररीच्या दाराशी टेबल मांडून नवीन मतदारांची नोंदणी करू लागली. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्रांची कात्रणं पसरून राज्याचा गव्हर्नर, ऑडिटर, ट्रेझरर, सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश अशी एकेका पदाची नावं तोंडपाठ करू लागली. गेल्या थंडीत, डोकं दुखतंय म्हणून खिडकीचे पडदे ओढून पडलेली असतानाही, तिचं मे महिन्याचं चाललं होतं.

"नोव्हेंबरातल्या मोठ्या निवडणुकीत काय, कुणीही मत देतं," ती म्हणाली होती. "खरी मजा प्रायमरीची. एकाच पक्षातले लोक उमेदवारीसाठी समोरासमोर. घरातल्या घरात भांडायचं, आणि तेसुद्धा सरकारी खर्चानं."

"आणि तिथं म्हणे पक्ष कोणता ते सांगावं लागतं. सगळ्यांदेखत."

"सांगेन की मोठ्यानं! आयुष्यभर हळूच बोलले, आता काय?"

संध्याकाळी जिममध्ये मेणाचा आणि रबरी बुटांचा वास होता. बास्केटबॉलच्या जाळ्या वर दुमडून ठेवल्या होत्या. कामावरून परतणारी माणसं रांगेत होती. बाहेर मे महिन्याचं लांबट, पिवळं ऊन. टेबलामागे सत्तरीच्या एक बाई बसल्या होत्या. कॉलरवर कागदी पट्टी: डोरोथी. पुढे जाडजूड नोंदवही, तिच्यावर लाकडी पट्टी, शेजारी पेन्सिल.

"निजसुरे," त्र्यंबकरावांनी नावाचं एकेक अक्षर सांगितलं.

"सापडलात!" बाईंनी पट्टी एका ओळीखाली सरकवली. "इथं सही करा. आणि मतपत्रिका कोणत्या पक्षाची देऊ?"

ते वाकून काहीतरी पुटपुटले.

"मोठ्यानं सांगा हो, माझा हा कान गेलाय."

त्यांनी पुन्हा सांगितलं. मागच्या माणसानं मान वर केली असावी असं त्यांना वाटलं. कानशिलं तापली. सही करताना त्यांची नजर खालच्या ओळीवर गेली. उत्तरा निजसुरे. नावाशेजारी छापलेली तिची नमुन्याची सही. इंग्रजीतल्या दोन्ही टींवरून एकच आडवी रेघ, घाईनं, झोकात मारलेली. त्यापुढे आजच्या सहीची चौकट. कोरी.

"मिसेस कामावरून परस्पर येणार वाटतं?" डोरोथीबाईंनी विचारलं.

सांगायचं ते इथंच होतं. त्र्यंबकरावांच्या ओठांपर्यंत ते आलंही. "हं," ते म्हणाले.

पडद्याआड उभं राहून त्यांनी मत दिलं. कात्रणांमधली नावं त्यांना आठवत होती, ऑडिटरसुद्धा. बाहेर पडताना डोरोथीबाईंनी हात हलवला. "सांगा त्यांना, साडेसातपर्यंत उघडं आहे. आता तासच उरलाय हं!"

"सांगतो."

कॉरिडॉरच्या भिंतीवर मुलांनी रंगवलेली फुलपाखरं टाचली होती. त्र्यंबकराव दारापर्यंत गेले आणि थांबले. अजून एक तास. मग दार बंद होईल आणि ती कोरी चौकट तशीच कार्यालयात जाईल. यादीत तिचं नाव शाबूत राहील, हवं होतं तसंच. आणि त्या नावासमोर, कायमची, एवढीच नोंद राहील की ही बाई आली नाही. कंटाळा केला असेल, विसरली असेल, टीव्हीसमोर बसली असेल. उरलेल्या निम्म्या गावासारखी. जिनं या एका मंगळवारासाठी दुखतं डोकं उशीवर टेकवूनसुद्धा नावं पाठ केली, ती आली नाही.

इतका वेळ आपण तिला जपतोय असं त्यांना वाटत होतं.

ते परत फिरले आणि रांगेच्या शेवटी उभे राहिले. सहा माणसं पुढे होती. आपली पाळी येईतो त्यांनी कुणाकडे पाहिलं नाही.

"काही विसरलात?" डोरोथीबाई म्हणाल्या.

"माझी पत्नी येणार नाही." त्यांचा आवाज त्यांनाच अनोळखी वाटला, बराच मोठा होता तो. "ती फेब्रुवारीत वारली. नाहीतर ती आली असती. सकाळी साडेसहालाच आली असती. एवढं तुम्ही कुठं लिहू शकाल का?"

बाईंनी चष्मा काढला. "लिहिते," त्या म्हणाल्या. "समासात लिहिता येतं. आणि कार्यालयाला कळवते." त्यांनी वही उघडून पान शोधलं. "कसं म्हणायचं हे नाव? चुकीचं म्हणायला नको."

त्र्यंबकरावांनी टेबलाच्या कडेवर हात टेकला.

"उत्तरा," ते म्हणाले.

"युटारा."

"नाही. उत्तरा. 'त'वर जरा थांबायचं."

"उटारा."

"उत्... तरा."

मागे रांग वाढत होती. कुणीतरी घड्याळ पाहिलं, कुणीतरी खाकरलं. एरवी अशा वेळी त्र्यंबकराव 'ठीक आहे, चालेल' म्हणून बाजूला झाले असते. ते हलले नाहीत. "पुन्हा म्हणा," त्यांनी सांगितलं, आणि स्वतःही पुन्हा म्हटलं. मग आणखी एकदा, आता बाईंसाठी नव्हे.

"उत्तरा," डोरोथीबाई म्हणाल्या. यावेळी बरोबर.

त्यांनी समासात बारीक अक्षरात दोन ओळी लिहिल्या. मग पट्टी नावावर ठेवली, पेन्सिल टेकवली आणि वर पाहिलं. त्र्यंबकरावांनी मान हलवली. बाईंनी रेघ ओढली, अगदी फिकी, खालचं नाव वाचता येईल अशी, आणि पुढच्या माणसाला बोलावण्याआधी वहीवर हाताचा तळवा क्षणभर तसाच ठेवला.