फटीतली धूळ

मी एक स्पेक्ट्रोमीटर. अंबाल्याला घडलो आणि तंजावरच्या एका महिला कॉलेजात, भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत, माझी अठ्ठावीस वर्षं गेली. माझ्या एका नळीच्या तोंडाशी बारीक फट, मधे काचेचा लोलक, दुसऱ्या नळीला डोळा लावायचा. फटीतून आलेला उजेड लोलकातून रंगांच्या पट्ट्यात पसरतो, आणि तो कुठल्या द्रव्यातून आला ते त्या पट्ट्यावरून ओळखता येतं.

मुलींना मात्र माझ्यातून बघायची फारशी गरज पडत नसे. सीनियरच्या वहीतले आकडे आधीच उतरवलेले असत.

माझ्यावर जीव होता तो नागलक्ष्मी मिसचा. राजवाड्यामागे त्यांचं घर. घरी मराठी, वर्गात तमिळ आणि इंग्रजी. सूर्यप्रकाशाच्या पट्ट्यात काळ्या रेषा असतात, तेवढा प्रकाश सूर्यावरच्या वायूंनी गिळलेला असतो, म्हणून सूर्य कशाचा बनलाय ते इथे बसून कळतं, हा धडा त्या दरवर्षी रंगीत खडूंनी शिकवत.

गेल्या ऑगस्टात प्रयोग चालू असताना वीज गेली. समोरचा पिवळा दिवा विझला. लावण्या नावाच्या मुलीने माझी फट खिडकीबाहेरच्या उजळ आकाशाकडे वळवली आणि दिसलं ते वहीत लिहिलं: रंगांच्या पट्ट्यात काळ्या रेषा. मिसनी ते लाल पेनने खोडलं. फटीत धूळ असेल, पुसून पुन्हा कर, म्हणाल्या.

लावण्याही मराठी घरातली. ती हळूच म्हणाली, "मिस, धुळीची रेघ आडवी येते. ह्या उभ्या आहेत."

मिसनी डोळा लावला आणि तशाच खिळून राहिल्या. मग पिवळ्या रंगातल्या काळ्या रेषेवर त्यांनी माझी आतली, नेम धरायची उभी तार नेमकी आणून ठेवली, खिडकी लावून घेतली, फटीपुढे स्पिरिटचा दिवा पेटवून वातीवर चिमूटभर मीठ टाकलं. काळी रेषा होती तिथेच, त्याच तारेवर, पिवळी रेषा उजळली. स्वयंपाकातल्या मिठात असतं तेच सोडियम सूर्यावर होतं.

मिस स्टुलावर बसल्या.

"अठ्ठावीस वर्षं हेच शिकवलं मी," त्या म्हणाल्या, "आणि समोर आलं तर धूळ म्हटलं." मग म्हणाल्या, "आधीच्या किती जणींना दिसलं असेल ग?"

मला आकडा ठाऊक होता. चार. दर वेळी अशीच वीज गेली होती. एकीने तर माझी फट तीनदा पुसली, आपले डोळे चोळले आणि शेवटी शेजारणीचे आकडे उतरवून घेतले.

मिस येत्या मे महिन्यात निवृत्त होताहेत. जुन्या हजेरीपटांतली नावं काढून त्या एकेकीला फोन लावतात, प्रयोगशाळेत काही वेगळं दिसलं होतं का म्हणून विचारतात. बहुतेकींना मी आठवतही नाही. त्या चौघींपैकी अजून कुणी सापडलेली नाही, आणि मला नावं सांगता येत नाहीत.

म्हणून इथे सांगतो. चौघींपैकी कुणी हे वाचत असाल, तर बायांनो, तुमच्या डोळ्यांत काही दोष नव्हता. तुम्हाला दिसला तो सूर्यच होता.